पारदर्शक सिरॅमिक पांढरं का पडतं? भट्टीला दोष देण्याआधी या चुका टाळा

पुण्यात मेटॅलर्जी आणि मटेरियल सायन्स शिकणारी मुलं, भोसरी-चाकणकडची लहान युनिटं आणि डेंटल लॅबवाले, या तिघांकडून एकच वाक्य ऐकू येतं: "नमुना पांढरा आला, बहुतेक भट्टीचं तापमान कमी पडलं." मग तापमान पन्नास अंशांनी वाढवलं जातं, वेळ दुप्पट केला जातो, आणि नमुना आणखी पांढरा येतो. कारण बहुतेक वेळा बिघाड भट्टीत झालेलाच नसतो. तो वजनकाट्यावर, गोळ्यांनी पावडर दळणाऱ्या बॉल मिलमध्ये किंवा पावडर दाबायच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, होऊन गेलेला असतो. भट्टी तो फक्त दाखवते. म्हणून तापमानाला हात लावण्याआधी मागे जाऊन काय काय तपासायचं, ते इथे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. सिरॅमिक मुळात अपारदर्शक असतं असं नाही. ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, एकच स्फटिक म्हणजे नीलम, आणि शुद्ध असला तर तो काचेसारखा स्वच्छ असतो. त्याच ॲल्युमिनाची कपबशीसारखी पांढरी वस्तू होते ती आत अडकलेल्या हवेच्या छिद्रांमुळे. रसवंतीवरच्या बर्फाच्या लादीकडे पाहा: कडेला आरपार दिसतं आणि मधोमध पांढरं, कारण गोठताना हवा मध्यभागी अडकते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनात अगदी थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड घालून ही छिद्रं जवळपास पूर्णपणे बाहेर काढून दाखवली, आणि प्रकाश आरपार नेणारं सिरॅमिक पहिल्यांदा कारखान्यात बनू लागलं. एलईडी येण्याआधी आपल्या रस्त्यांवर जे पिवळे सोडियम दिवे होते, त्यांच्या आतली बारीक नळी याच ॲल्युमिनाची असे. तापलेली सोडियमची वाफ साध्या किंवा क्वार्ट्झ काचेला खाऊन टाकते, ॲल्युमिनाला नाही.

पुढचा मोठा टप्पा १९९५ चा. जपानमध्ये अकिओ इकेसुए यांनी निओडिमियम मिसळलेल्या यॅग (यट्रियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) सिरॅमिकमधून, आठवडेच्या आठवडे वाढवाव्या लागणाऱ्या एकस्फटिकाच्या तोडीचा लेझर काढला. आज लेझर, क्षेपणास्त्रांच्या खिडक्या, पारदर्शक चिलखत, सीटी स्कॅनमधले डिटेक्टर अशा किती तरी ठिकाणी पारदर्शक सिरॅमिक पोचली आहेत. आपल्याकडे हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. विषय दूरचा राहिलेला नाही, म्हणूनच त्यातल्या चुकाही आता जवळच्या झाल्या आहेत.

"घनता ९९.९ टक्के आली, मग पारदर्शक का नाही?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यात मोजमापाचीच गल्लत आहे. मशीनच्या भागासाठी ९९.९ टक्के घनता म्हणजे उत्तम काम. प्रकाशासाठी ते नापास. उरलेला ०.१ टक्का जर एकेक मायक्रॉनच्या छिद्रांचा असेल, तर १ मिमी जाडीतून सरळ जाणारा प्रकाश जेमतेम शेकडा एकाच्या आसपास उरतो. तीच छिद्रं शंभरपट कमी, म्हणजे ०.००१ टक्का केली, की नुकसान चार-पाच टक्क्यांवर येतं. छिद्राचा व्यास प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असला की ते सर्वात जास्त घात करतं, आणि दुर्दैवाने सिंटरिंगनंतर, म्हणजे दाबलेली पावडर भट्टीत तापवून घट्ट केल्यावर, उरणारी छिद्रं बहुधा त्याच मापाची असतात.

आता यातली मेख अशी की पाण्यात वजन करून काढलेली घनता, म्हणजे आर्किमिडीज पद्धत, इतका बारीक फरक पकडूच शकत नाही. नमुन्यावर चिकटलेला एखादा बुडबुडा, पाण्याचं तापमान, काट्याची शेवटची अंकस्थानं, एवढ्यातच ०.१ टक्का हरवतो. म्हणून या कामात आर्किमिडीजचा आकडा फक्त "छिद्रं बंद झाली का" एवढं सांगण्यापुरता वापरा. पुढचं सगळं प्रकाशाने आणि सूक्ष्मदर्शकाने तपासा.

तपासण्याची रीतसुद्धा चुकते. छापील कागदावर नमुना ठेवायचा, अक्षरं दिसली की फोटो काढायचा आणि "पारदर्शक" म्हणून अहवालात लावायचा, ही सवय सोडा. कागदाला टेकवलेल्या दुधाळ चकतीतूनही अक्षरं वाचता येतात, कारण विखुरलेला प्रकाश पसरायला जागाच मिळत नाही. नमुना कागदापासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा. तरीही अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहिल्या तर खरं. आणि आकडा देताना तीन गोष्टी सांगितल्याशिवाय तो आकडा देऊ नका: जाडी किती, तरंगलांबी कोणती, आणि मोजलेला प्रकाश सरळ आरपार गेलेला की सगळीकडे विखुरलेलाही धरून. अर्धा मिमी जाडीचा ८० टक्के आणि ४ मिमी जाडीचा ८० टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उलट बाजूची चूकही होते. यॅगचा नमुना ८३ टक्क्यांवर आला म्हणून निराश होऊन महिनाभर कृती बदलत बसणारे विद्यार्थी असतात. अहो, यॅगचा अपवर्तनांक १.८२ आहे, दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन होऊन निर्दोष तुकड्यातूनही सुमारे ८४ टक्केच प्रकाश पार होतो. स्पिनेलला (मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) ही मर्यादा सुमारे ८७ टक्के. त्याच्या वर जायचं तर पृष्ठभागावर परावर्तन कमी करणारा लेप लागतो, भट्टी नाही.

वजनकाट्यावरची चूक, आणि पावसाळा

यॅग बनवताना यट्रिया (यट्रियम ऑक्साइड) आणि ॲल्युमिना यांचं प्रमाण फार काटेकोर लागतं. १०० ग्रॅम यॅगसाठी ५७.०६ ग्रॅम यट्रिया आणि ४२.९४ ग्रॅम ॲल्युमिना. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण काट्यावर ठेवलेली पावडर म्हणजे फक्त यट्रिया नव्हे. बारीक यट्रिया हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेते. समजा तिच्या वजनातला १ टक्का असा बाहेरचा आहे. मग खरी यट्रिया ५६.४९ ग्रॅम झाली. तिला पुरणारं ॲल्युमिना ४२.५१ ग्रॅम, तुम्ही मात्र घातलं ४२.९४. वरचं ०.४३ ग्रॅम ॲल्युमिना कुठे जाणार? ते कणांच्या सांध्यांत वेगळे ठिपके होऊन बसतं. त्याचा अपवर्तनांक १.७६ च्या आसपास, यॅगचा १.८२. प्रत्येक ठिपका प्रकाश वळवतो. कितीही तापवा, हा धूसरपणा जाणार नाही, कारण इथे छिद्र नाहीच. चुकीचा पदार्थ आहे.

पुण्यात मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उत्तम जमलेली कृती जुलैत बिघडते, तेव्हा पहिला संशय इथे घ्या. उपाय साधा आहे. वजन करायच्या दिवशीच त्याच डब्यातली थोडी पावडर क्रुसिबलमध्ये घेऊन १००० अंश सेल्सिअसला तापवा, डेसिकेटरमध्ये (हवेतली ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि किती वजन घटलं ते पाहा. १ टक्का घटलं असेल, तर ५७.०६ ऐवजी ५७.६४ ग्रॅम मोजा. ॲल्युमिनासाठीही हेच करा. डबा उघडून "आत्ता घेतो" म्हणत चहाला जाऊ नका. वर्षभरापूर्वी फोडलेल्या पाकिटावरच्या शुद्धतेच्या लेबलवर तर अजिबात विसंबू नका. ते लेबल पाकीट बंद असतानाचं आहे.

याच हिशोबातला दुसरा चोर म्हणजे बॉल मिल. ॲल्युमिनाच्या गोळ्या वापरून रात्रभर दळलं, की गोळ्या झिजतात आणि ती झीज तुमच्या मालात जमा होते. दळण्याआधी गोळ्या धुऊन, वाळवून वजन करा. दळून झाल्यावर पुन्हा तसंच करा. जेवढं घटलं तेवढं ॲल्युमिना पुढच्या खेपेला कमी घाला. झिर्कोनियाच्या गोळ्या झिजल्या तर मालात झिर्कोनियम येतं, तेही कुठे तरी दिसणारच. कुठल्या गोळ्या वापरल्या आणि किती झिजल्या, हे वहीत नसेल, तर त्या नमुन्याचं निदान करणं जवळपास अशक्य होतं.

दाबण्याआधीचा केरकचरा

स्टीलच्या डायचा लोखंडी कीस मालात उतरला की पिवळट झाक येते. एक धागा, एक केस किंवा ब्रशचा तंतू पावडरीत राहिला तर तो जळून जातो, पण त्याची जागा तशीच राहते, दहा-वीस मायक्रॉनची किंवा त्याहून मोठी पोकळी होऊन. एवढी मोठी पोकळी सिंटरिंगने बुजत नाही. उघड्या खिडकीशेजारी, रस्त्याची धूळ येत असताना पावडर चाळणं म्हणजे स्वतःच्या हाताने पोकळ्या पेरणं. लॅमिनार फ्लो परवडत नसेल तर निदान झाकणाची पेटी, वेगळा ॲप्रन आणि फक्त त्याच कामाची चाळणी ठेवा.

वाळल्यावर पावडरीचे जे खडे होतात, तेही असंच करतात. खडा आतून आधी आवळतो, भोवतीच्या मालापासून सुटतो आणि मधे फट ठेवतो. म्हणून दळलेला घोळ ओव्हनमध्ये ताटलीत निवांत सुकवू नका. अल्कोहोलमधला असेल तर रोटरी इव्हॅपोरेटरवर, जमेल तिथे स्प्रे ड्रायरवर वाळवा आणि मग चाळा. डायमध्ये हलक्या दाबाने आकार द्या, खरा दाब कोल्ड आयसोस्टॅटिक प्रेसमध्ये सगळ्या बाजूंनी सारखा, साधारण २०० मेगापास्कल. बाइंडर (पावडर बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) घातला असेल तर तो हवेतच, हळूहळू, ६०० ते ८०० अंशांपर्यंत पूर्ण जाळा. इथली घाई पुढे व्हॅक्यूम भट्टीत काळे ठिपके होऊन उगवते.

मिश्रणद्रव्याच्या बाबतीत "थोडं जास्त घातलं तर जास्त चांगलं" हा हिशोब लागूच होत नाही. यॅगमध्ये सिलिकासाठी घालतात ते टीईओएस (सिलिकॉनचं एक द्रव संयुग) साधारण अर्धा टक्का पुरतं. जास्त झालं की कणांच्या सीमेवर काचेसारखा थर राहतो. ॲल्युमिनात मॅग्नेशियम ऑक्साइड जास्त पडलं तर ते स्पिनेलचे वेगळे कण बनवून बसतं. स्पिनेलच्या हॉट प्रेसिंगला, म्हणजे तापवतानाच दाब देण्याच्या पद्धतीत, लिथियम फ्लोराइड घालतात. ते ८५० अंशांच्या आसपास वितळून कणांना सरकायला मदत करतं. पण त्याचं काम झालं की त्याला बाहेर पडू दिलं पाहिजे. छिद्रं बंद होण्याआधी व्हॅक्यूममध्ये, दाब न देता, त्याला निघून जायला वेळ द्या. नाही तर ते आत कोंडलं जातं, नमुना ढगाळ येतो आणि कणसीमांवरून तडकतो.

आता भट्टी

जास्त तापमानाने नमुना अधिक पांढरा का होतो, याचं उत्तर इथे आहे. छिद्र कणांच्या सीमेवर असेपर्यंत ते रिकामं व्हायला वाट असते; सीमेवरून अणू वाहत येऊन ते भरतं. तापमान फार चढवलं की कण भराभर वाढतात, सीमा छिद्राला मागे टाकून पुढे निघून जाते आणि छिद्र कणाच्या पोटात अडकतं. तिथून ते हलत नाही. मग हिप करा (तापवत असतानाच वायूच्या दाबाने सगळीकडून दाबा), दुप्पट वेळ ठेवा, काही उपयोग नाही.

म्हणून हिप करायचं असेल तर आधीचं सिंटरिंग मुद्दाम कमी तापमानाला थांबवा. घनता सुमारे ९५ टक्के, छिद्रं बाहेरून बंद झालेली आणि कण अजून बारीक, मायक्रॉनभराचे, अशा अवस्थेतला नमुना हिपला द्या. तो त्या वेळी पूर्ण पांढरा दिसतो. दिसू द्या. आधीच अर्धपारदर्शक झालेला, मोठ्या कणांचा नमुना हिपमधून फारसा सुधारत नाही. आणि छिद्रं उघडी असताना पाठवलात तर आर्गॉन आत शिरतो आणि दाबाचा फायदाच होत नाही.

स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगचं (ग्राफाइटच्या डायमध्ये दाब आणि वीज देऊन झटपट तापवणारं) यंत्र हाताशी आलं की लोकांना वेग चढवायचा मोह होतो. मिनिटाला शंभर अंश, पंधरा-वीस मिनिटांत नमुना तयार. स्पिनेलसाठी उलटं चालतं: १३०० अंशांच्या आत-बाहेर, मिनिटाला दहा अंश किंवा त्याहून मंद चढण दिली तर स्वच्छ नमुना मिळतो. घाई केली की ग्राफाइट डायमधला कार्बन आत शिरतो आणि नमुना करडा किंवा काळपट होतो. मग तो हवेत तापवून स्वच्छ करायला जावं, तर आत अडकलेला कार्बन वायू बनतो, छिद्रं फुगतात आणि काळा नमुना पांढरा होतो. कार्बन नंतर काढण्यापेक्षा आधी अडवा.

नमुन्याचा रंग आणि पोत बघून बरंच निदान होतं. व्हॅक्यूम किंवा हिपनंतर यॅग एकसारखं करडं दिसत असेल तर बहुधा ऑक्सिजन कमी पडलेला आहे. हवेत १४०० अंशांच्या आसपास अनेक तास ॲनिलिंग केलं, म्हणजे पुन्हा तापवून ठेवलं, की उतरतं. ॲनिलिंगनंतर धूसर झालं तर छिद्रांतला वायू फुगला, तापमान कमी करा. कडा स्वच्छ आणि गाभा पांढरा असेल तर चढण फार वेगाची होती, बाहेरचा भाग आधी बंद झाला. स्पिनेलमध्ये गाभा स्वच्छ आणि कडा पांढऱ्या असतील तर पृष्ठभागावरून मॅग्नेशियम उडालं असण्याचा संशय घ्या. आणि एक निदान फार थोडे लोक करतात, पण ते हुकमी आहे: स्पेक्ट्रोमीटरचा आलेख पाहा. अवरक्त भागात उत्तम आणि निळ्याकडे येताना घसरत जाणारा आलेख म्हणजे तरंगलांबीपेक्षा लहान छिद्रं उरली आहेत. असा नमुना दिव्याकडे धरला की पिवळसर दिसतो. सगळीकडे सारखाच खाली असलेला आलेख म्हणजे मोठी छिद्रं, फटी किंवा निव्वळ खराब पॉलिश. पहिल्याला उपाय सिंटरिंगमध्ये आहे, दुसऱ्याला पावडरीत किंवा पॉलिशिंगच्या चाकावर.

पॉलिशबद्दल इतकंच: दोन नमुन्यांची तुलना करायची तर दोघांना एकाच पायरीपर्यंत, १ मायक्रॉन हिऱ्याच्या पेस्टपर्यंत न्या. मधली पायरी गाळलीत तर खालचे ओरखडे तसेच राहतात आणि दोष सिंटरिंगवर येतो.

पदार्थाची निवडच चुकली असेल तर

यॅग, स्पिनेल, यट्रिया हे घनाकृती स्फटिक आहेत. प्रकाश कुठल्याही दिशेने गेला तरी त्यांचा अपवर्तनांक एकच. ॲल्युमिनाचं तसं नाही. दिशेप्रमाणे त्याच्या अपवर्तनांकात ०.००८ चा फरक पडतो, म्हणून छिद्र एकही नसलं तरी प्रत्येक कणसीमेवर प्रकाश थोडा वळतो. सोडियम दिव्याला ते चालतं, कारण तिथे प्रकाश बाहेर आला म्हणजे झालं. पण ॲल्युमिनातून खिडकीसारखं स्पष्ट बघायचं असेल तर कण अर्ध्या मायक्रॉनच्या घरात ठेवावे लागतात, आणि तरीही जाडी वाढली की धूसरपणा येतो. काचेसारखी जाड खिडकी हवी असेल तर ॲल्युमिनावर वर्ष घालवू नका, स्पिनेलकडे वळा.

वापरणाऱ्यांच्या चुका वेगळ्या असतात. चाकणच्या एखाद्या शॉपमध्ये थर्मल कॅमेऱ्यापुढे संरक्षक खिडकी लावायची असते आणि "डोळ्यांना आरपार दिसतं" म्हणून स्पिनेल किंवा नीलम मागवलं जातं. हे दोन्ही पाच-साडेपाच मायक्रॉनच्या पुढे प्रकाश अडवतात. नेहमीचे थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनवर चालतात. त्यांना ही खिडकी म्हणजे भिंत. तिथे जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइड लागतं, आणि झिंक सेलेनाइड तर डोळ्यांना पिवळं दिसतं.

भट्टीच्या झरोक्याची क्वार्ट्झ काच वारंवार ओरखडते म्हणून तिच्या जागी स्पिनेल बसवणं ही दुसरी महागडी चूक. स्पिनेल कितीतरी कठीण आहे, ओरखडणार नाही. पण तापल्यावर ते क्वार्ट्झच्या दहापटींहून जास्त प्रसरण पावतं. लालबुंद क्वार्ट्झवर पाणी पडलं तरी ते टिकतं. स्पिनेलवर थंड हवेचा झोत आला तरी तडा जाऊ शकतो. कठीण म्हणजे चिवट नव्हे. फ्रेममध्ये बसवतानाही स्टील किंवा ॲल्युमिनियमशी थेट आवळू नका. तापल्यावर स्टील स्पिनेलच्या दीड ते दोन पट, ॲल्युमिनियम तर जवळपास तिप्पट फुगतं. मधे मऊ गॅस्केट द्या, कडांना चॅम्फर द्या. तडा नेहमी कडेच्या टवक्यातून सुरू होतो.

डेंटल लॅबमध्ये गोष्ट झिर्कोनियाची. ५ टक्के (मोलच्या हिशोबाने) यट्रियावाला झिर्कोनिया जास्त प्रकाश जाऊ देतो म्हणून पुढच्या दातांना छान दिसतो, पण ३ टक्केवाल्याची ताकद १००० मेगापास्कलच्या वर असते आणि ५ टक्केवाल्याची त्याच्या निम्मी ते दोन तृतीयांश. म्हणून दाढांच्या लांब ब्रिजला दिसण्यासाठी ५ टक्केवाला घेऊ नका. रंगाच्या द्रवात बुडवलेला क्राउन पूर्ण न वाळवता भट्टीत टाकला तर तडे जातात. झटपट सायकल फक्त त्यासाठी बनवलेल्या ब्लॉकलाच चालवा. आणि क्राउनवर पिवळट-हिरवट झाक यायला लागली तर शेड गाइडशी झगडण्याआधी भट्टी तापवणारे मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट पाहा. त्यांच्यावरचा काचेसारखा थर झडला असेल, तर भट्टी रिकामी ठेवून कंपनीने सांगितलेली सफाईची सायकल चालवा, क्रुसिबलमधले जुने झिर्कोनिया मणी बदला, आणि मगच पुढचा क्राउन आत ठेवा.